बटण दाबण्याचा मान

माझ्या धाकट्या दिरांइतका तयारीचा माणूस उल्हास नदीच्या या काठावर झाला नाही आणि पलीकडच्या काठावर होणार नाही. बाकीची माणसं काम अंगावर आलं की करायला घेतात. भाऊजी ते अंगावर येण्याआधीच उरकून, झाकण ठेवून, फडताळात मांडून ठेवत. रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे शर्ट इस्त्री होऊन वारांच्या क्रमाने हँगरला लागत, आणि मग त्या क्रमात ढवळाढवळ करायची कुणाची टाप नसे. एकदा बुधवारचा शर्ट उंदराने कुरतडला, तर त्या बुधवारी ते भर उन्हाळ्यात बनियनवर स्वेटर घालून कामाला गेले, पण गुरुवारच्या शर्टाला हात लावला नाही. "मग गुरुवारी काय घालू?" असं त्यांनी उलट सगळ्यांनाच विचारलं. पाहुणे येणार असले की त्यांच्याशी काय बोलायचं हेही ते आदल्या दिवशी ठरवून ठेवत. पाहुणे भलत्याच विषयावर गेले की बिचारे गप्प बसत, आणि जाताना पाहुणे माझ्या सासूबाईंना हळूच विचारत, "धाकट्याची तब्येत बरी नाही का?"

आमची पहिली ओळखही या तयारीनेच करून दिली. मी मुरबाडच्या पुढच्या एका लहानशा गावातली. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मराठी घेऊन बी. ए. झाले तेव्हा वडिलांनी सगळ्या वस्तीला गूळ-शेंगदाणे वाटले होते. लग्न होऊन बदलापूरला, खरवईच्या नव्या इमारतीत पाऊल टाकलं, तर दारात बायकांची ही गर्दी आणि सगळ्यांचा एकच गजर, नाव घे, नाव घे. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मी, पण त्या क्षणी एक ओळ आठवेल तर शपथ. इतक्यात दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि कुजबुज ऐकू आली, "वहिनी, छोटा हवा की मोठा?" त्यांनी दोन उखाणे करून ठेवले होते. मी छोटा घेतला. मोठा त्यांनी परत नेऊन जपून ठेवला. पुढे डोहाळजेवणाला तोच उपयोगी पडला.

भाऊजींचा धंदा वेबसाइट बनवण्याचा. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका जीन्सच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचा गाळा होता. खालून शिलाई मशिनींची घरघर, वरून पत्र्याची धग, आणि मधोमध भाऊजी वाराप्रमाणे ठरलेल्या शर्टात शांतपणे बसलेले. त्यांच्या धंद्यातही तेच तत्त्व होतं. "वहिनी, बाकीच्यांच्या साइटी म्हणजे ऑर्डर आल्यावर कांदा चिरायला घेणारं हॉटेल. गिऱ्हाईक दारात आलं की आत पळापळ. डाळ काढ, मीठ शोध, तवा तापव. गर्दी झाली की आचारी पळून जातो. आपलं तसं नाही. आपलं ताट आधीच वाढून तयार. आला, घेतलं, गेला." अशा आधी रांधून ठेवलेल्या साइटला स्टॅटिक साइट म्हणतात, हे ज्ञान मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, चपात्या लाटताना मिळालं. शेजारी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. सगळं नीट ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हंजे शिळंच की रं." भाऊजींनी त्या दिवशी त्यांच्या हातचं काही खाल्लं नाही.

या धंद्यातला दुसरा भाग समजायला आणखी अवघड होता. भाऊजींच्या पद्धतीत मजकूर लिहायची जागा वेगळी आणि तो दिसायची जागा वेगळी. दुकानदाराने आपल्या मालाचं नाव, भाव, फोटो सगळं एका साध्या पानावर भरायचं आणि 'प्रकाशित करा' हे बटण दाबायचं. मग भाऊजींनी मांडलेली यंत्रणा त्या मजकुरातून सगळी साइट रांधून काढणार. लिहायच्या जागेला स्वतःचा चेहरा नाही, म्हणून तिला हेडलेस म्हणतात. खालच्या दुकानाचे आणि गाळ्याचेही मालक असलेले सिंधी शेठ हे ऐकून चिंतेत पडले. "अरे साईं, मुंडीच नहीं है तो चलेगा कैसे?" भाऊजींनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "शेठ, तुम्हारा कारखाना पीछे गली में है ना? जीन्स उधर सिलती है. फिर वो तुम्हारी दुकान में लटके, नहीं तो दादर में लटके, कारखाने को क्या फरक पडता है?" "कुछ नहीं पडता." "बस. मेरा भी वैसाच. लिखने का एक जगह, दिखाने का जिधर मर्जी." शेठनी बराच विचार केला. "मतलब तेरा कारखाना है, दुकान नहीं है." "हां, बरोबर." "तभी तो तेरे पास ग्राहक नहीं आता!" असं म्हणून शेठ खाली गेले आणि भाऊजींसाठी दाल-पकवान पाठवून दिलं.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि लागेल त्याने तिथून घ्यायची, हा नियम त्यांनी घरालाही लावला. गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर, फ्रिजवर आणि सासऱ्यांच्या पाकिटात असा तीन ठिकाणी होता. दोन ठिकाणचा त्यांनी पुसून टाकला आणि तिसरं ठिकाण कोणतं हे सांगायला विसरले. पण कहर झाला तो माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी. बातमी सगळ्यांना कळवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी फक्त आपल्या शहाडच्या मावशींना कळवलं, आणि दवाखान्यात बसून, ज्याचा फोन येईल त्याला सांगत सुटले, "बातमी मावशीकडे ठेवलीय, तिथून घ्या." माझ्या वडिलांनी गावाहून फोन केला, तर त्यांनाही हेच उत्तर. वडिलांकडे शहाडच्या मावशींचा नंबर नव्हता. मुलगा की मुलगी एवढं विचारायला ते एसटी पकडून बदलापूरला आले. मावशी मात्र धन्य झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच सगळा गोतावळा त्यांना आपणहून फोन करत होता. त्या आनंदात प्रत्येक फोनला त्या बाळाच्या वजनात आणि रंगात थोडी थोडी भर घालत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझी मुलगी चांगली दोन महिन्यांची गोरीगोमटी झाली. "मावशीला बदल करायचा अधिकार द्यायला नको होता," एवढीच चूक भाऊजींनी कबूल केली.

हलणाऱ्या गोष्टींचं त्यांना वावडं. अंबरनाथच्या एका लग्नाच्या हॉलचे मालक आले होते. त्यांना साइट उघडताच गुलाबाच्या पाकळ्या पडायला हव्या होत्या, सनई वाजायला हवी होती आणि हॉलचं नाव डावीकडून उजवीकडे सरकत जायला हवं होतं. भाऊजींनी पाकळ्यांवर वाद घातला नाही, सनईवर घातला नाही. फक्त विचारलं, "नाव का सरकवायचं? हॉल सरकतो का?" मालक उठून गेले. त्यांच्या चपला जिन्यात वाजत असतानाच मी म्हटलं, "भाऊजी, सरकवायचं होतंत ना थोडं." ते म्हणाले, "वहिनी, माणूस पत्ता शोधायला येतो हो. त्याच्या डोळ्यांसमोरून पत्ता पळवायचा?"

आणि दुकानदारांनी मजकूर भरायच्या पानावर त्यांनी एक रकाना असा ठेवला होता, की त्याने भल्याभल्यांना घाम फुटे. नाव काय, काम काय, वेळ काय, हे झालं की खाली प्रश्न यायचा, 'हे काम कशासाठी करता?' सगळे लिहायचे, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय. भाऊजी ते पुसत. "हे तुम्ही लिहिलेलं नाही. हे दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवलंय. तुमचं सांगा." मग तो माणूस स्टुलावर चुळबुळत बसे आणि शेवटी कधीतरी खरं बोले. खरवईच्या मागच्या अंगाला रोपवाटिका चालवणारे एक काका होते. त्यांना भाऊजींनी विचारलं, "काका, रोपं कशासाठी विकता?" काका चिडले. "मंग काय इकू? जमीन व्हती ती इकली, तिच्यावर तुमच्या बिल्डिंगा उभ्या ऱ्हायल्या. आता तुमच्या ग्यालरीतल्या कुंड्यांना रोपां इकतो." मी म्हटलं, हे कसं लिहायचं? भाऊजी म्हणाले, "असंच लिहायचं. फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा." ते वाक्य तसंच साइटवर गेलं. नव्या इमारतींमधली माणसं ते वाचून हसत आणि मग रोपं घ्यायला जात, जरा मान खाली घालून.

ऱ्हस्वदीर्घ बघायला मला बसवलं तेही त्यांनीच. लग्नानंतर वर्षभर मी घरातच होते. एक दिवस त्यांनी आपला जुना लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला. "वहिनी, मराठी घेऊन बी. ए. केलंत आणि सध्या कोथिंबीर निवडताय. मला लिहिणारं माणूस पाहिजे." मला इंग्रजीची धास्ती, यंत्राची त्याहून जास्त. पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ठळक अक्षर करायला दोन्ही बाजूंना तारा काढायचा, मथळ्याआधी कुंपणासारखी खूण द्यायची, असं एकेक करून शिकवलं, आणि मी चुकले की म्हणत, "यंत्राला काही होत नाही, बिनधास्त चुका." पहिली साइट झाली तेव्हा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं, 'मजकूर:' आणि पुढे माझं पूर्ण नाव. माझ्या वडिलांनी गावातल्या मास्तरांच्या मोबाइलवर ते पान उघडून घेतलं. त्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं, तर पान सर्रकन वर गेलं. घाबरून मास्तरांना म्हणाले, "पुसलं की काय हो माझ्याकडून?" आज मी चार ठिकाणचं लिखाणाचं काम घरबसल्या करते, त्याचं मूळ त्या ओट्यावरच्या लॅपटॉपात आहे. हे उपकार फिटायचे नाहीत आणि फेडावेत असं मला वाटतही नाही.

असा हा माणूस. पण हॉल सरकत नाही म्हणणाऱ्या माणसाचा धंदा तरी कसा सरकणार? कामं लहान, तीही एकदा झाली की झाली. भाऊजींच्या साइटी बिघडत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक परत येत नसे. माझे मिस्टर घरात मोठे. त्यांना धाकट्या भावाची काळजी लागून राहिली होती. एका रविवारी जेवताना त्यांनी स्पष्टच सांगितलं, "हे बघ, हैदराबादच्या कंपनीत माझा मित्र आहे. तुझ्यासाठी जागा बघतो म्हणालाय. दिवाळीपर्यंत तुला दरवर्षी चालेल असं एक तरी बांधलेलं काम मिळालं, तर राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर गाळा सोडायचा आणि जायचं." भाऊजींनी ताटातला शेवटचा घास संपवला आणि "बरं दादा" म्हणाले. ताट उचलून आत आले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, हैदराबादमध्ये रोपवाल्या काकांना कोण विचारणार?" त्यांना जायचं नव्हतं. घरात सगळ्यांना ते कळत होतं, मिस्टरांनाही.

आणि तसं काम चालून आलं. अंबरनाथच्या एका शिक्षणसंस्थेला आपल्या मुख्य शाळेची साइट करायची होती. संस्थेच्या सचिवांनी साफ सांगितलं, "वर्धापनदिनाला उद्घाटन करू. हे नीट पार पडलं की आमच्या बाकीच्या शाळा, कॉलेज, वसतिगृह, सगळं तुमच्याकडे. दरवर्षीचं." त्या दिवशी भाऊजी घरी आले ते जिलब्या घेऊन. पुढचे काही महिने आम्ही दोघं त्या शाळेत अक्षरशः राहायला गेल्यासारखे होतो. प्रत्येक शिक्षकाचं पान, प्रत्येक वर्गाचे फोटो, आणि 'कशासाठी?' हा प्रश्न अर्थातच सगळ्यांना. गणिताच्या बाईंनी त्या रकान्यापायी दोन कोऱ्या पानांवर सराव केला होता.

उद्घाटन कसं करायचं, यावर मात्र एक चर्चा झाली. सचिवांना कळ दाबून उद्घाटन हवं होतं. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन शाळेच्या चित्रकलेच्या सरांकडे होतं. ते अनुभवी, म्हणाले, "साइट आदल्या दिवशीच चालू करून ठेवा. बटण आपलं नुसतं दाखवायला." सगळं आधी तयार ठेवणारे आमचे भाऊजी ही सूचना उचलून धरतील असं मला वाटलं. पण ते अस्वस्थ झाले.

"मग पाहुणे काय दाबणार, सर?"

"बटण."

"पण त्याने काही होणार नाही."

"झालेलंच असेल की आधी!"

"म्हणजे आपण पाहुण्यांच्या हातात खोटं बटण द्यायचं?"

सर हसले. "अहो, कोनशिलेवरचा पडदा ओढतात तेव्हा भिंत काय त्याच वेळी बांधतो का आपण?"

पण भाऊजींनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक पदार्थ आधी शिजवून ठेवायला नकार दिला. त्यांचा हिशेब असा होता, की प्रमुख पाहुणे बटण दाबतील, त्याबरोबर दूरच्या यंत्रावर साइट रांधायला सुरुवात होईल, मग पाहुण्यांचं भाषण होईल, आणि भाषण संपेपर्यंत साइट तयार होऊन पडद्यावर झळकेल. फक्त बटण एकदाच दाबायचं. पुन्हा दाबलं की यंत्र अर्धं शिजलेलं फेकून देऊन पहिल्यापासून चूल पेटवणार. आणि त्या दूरच्या यंत्राची सेवा फुकटची, त्यामुळे महिन्याला मिळणारं जळण, म्हणजे यंत्र चालवायचा वेळ, तोही ठरावीक. हे त्यांनी चित्रकलेच्या सरांना पुन्हा पुन्हा समजावलं. सर "हो हो" म्हणत होते आणि मान्यवरांच्या नावांपुढे 'माननीय' की 'सन्माननीय' हे ठरवत होते.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. पडद्यावर शाळेचं बोधचिन्ह आणि खाली 'लवकरच येत आहे'. टेबलावर लॅपटॉप, त्यावर भाऊजींनी केलेलं भलंमोठं निळं बटण. प्रमुख पाहुण्यांनी ते दाबलं, टाळ्या झाल्या, आणि स्टेजखाली दुसऱ्या लॅपटॉपवर नजर लावून बसलेल्या भाऊजींनी मला मान हलवून सांगितलं, चूल पेटली. आता पाहुण्यांनी बोलायला उभं राहायचं. पण सरांनी माइक सोडला नाही. "आता हाच मान स्वीकारण्यासाठी मी विनंती करतो संस्थेच्या अध्यक्षांना!"

अध्यक्षांनी दाबलं. मग उपाध्यक्षांनी. मग नगरसेविकाबाईंनी, आणि त्या उठल्या म्हणून त्यांच्या मिस्टरांनी. भाऊजी उभे राहून "सर, एकदाच, सर" म्हणत होते, पण दर वेळी टाळ्या पडत. फोटोग्राफर ओरडला, "साहेब, परत एकदा, इकडे बघून!" साहेबांनी इकडे बघून परत दाबलं. मग देणगीदारांचं झालं. खजिनदारांचं तोंड उतरायला लागलेलं सचिवांनी ओळखलं, "खजिनदारांचं राहिलं!" तेही झाले. आपल्याकडे स्टेजवर बसलेल्या एकाला नारळ दिला आणि दुसऱ्याचा राहिला, तर दुसरा पुढची निवडणूक होईपर्यंत विसरत नाही. सरांची चूक म्हणावी तर चूक नव्हती. ते आपलं काम चोख करत होते. आणि प्रत्येक मानाला दूर कुठेतरी अर्धी शिजलेली शाळा सांडून पुन्हा आधण ठेवलं जात होतं. पडद्यावर 'लवकरच येत आहे' तसंच होतं. लोक त्यालाच टाळ्या देत होते.

शेवटी भाऊजी स्टेजच्या पायऱ्या चढले. लॅपटॉप उचलून घ्यायचा, एवढंच त्यांना करायचं होतं. तितक्यात सरांनी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं नाव पुकारलं. फार म्हातारे. दोघांनी धरून त्यांना उठवलं. ज्या वेळी शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची तेव्हापासूनचे ते गुरुजी. थरथरतं बोट पुढे करून ते टेबलापाशी आले, पण टेबल उंच, हात पोचेना. भाऊजींचा हात लॅपटॉपवर होता. त्यांनी लॅपटॉप उचलला, आणि मी मनात म्हटलं, घ्या, मागे घ्या. भाऊजी गुरुजींसमोर वाकले आणि लॅपटॉप त्यांच्या बोटाखाली धरला. म्हणाले, "दाबा, गुरुजी." गुरुजींनी दाबलं. बोट लवकर निघेना, म्हणून दोनतीनदा दाबलं गेलं. मग भाऊजींकडे बघून लहान मुलासारखे हसले.

महिन्याचं जळण तिथे संपलं. तसा निरोप इंग्रजीत खालच्या लॅपटॉपवर आला, तो मीच आधी वाचला.

भाऊजी खाली येऊन कामाला लागले. आता सगळं आपल्याच यंत्रावर रांधून मोबाइलच्या नेटवरून वर चढवायचं होतं. फोटो भरपूर, सभागृहात नेट रडतखडत. पाहुण्यांचं भाषण झालं, आभार झाले. सचिव हळूच येऊन विचारून गेले, "होईल ना?" "होईल, सर." "कधी?" "जेवणं होईपर्यंत." सचिवांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घोषणा करायला लावली, सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा. सभागृह रिकामं झालं. मांडववाली माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली, आणि त्या खडखडाटात पडद्यावर शाळा उघडली. पूर्ण. सुंदर. गणिताच्या बाईंचं पान, वर्गांचे फोटो, गुरुजींचं पान. भाऊजी एकेक पान दाबून बघत होते. "बघा वहिनी, किती पटकन उघडतंय." बाहेरून मसालेभाताचा वास येत होता. मी "हो" म्हटलं आणि दुसरीकडे बघायला लागले.

कुणी रागावलं नाही, हेच वाईट झालं. सचिव म्हणाले, "चालायचंच हो, तांत्रिक अडचणी येतात," आणि बाकीच्या शाळांचं काम ठाण्याच्या एका कंपनीकडे गेलं. घरी मिस्टरांनी फक्त एक प्रश्न विचारला. "दुसऱ्यांदा दाबलं तर काही होऊ नये, एवढं करून ठेवता येत नव्हतं का तुला?"

"येत होतं, दादा. एका ओळीचं काम."

"मग?"

"मग बाकीच्यांनी काय दाबलं असतं?"

मिस्टर एरवी पटकन चिडणारे. पण त्या दिवशी ते उठले, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि भावापुढे ठेवला.

दिवाळीनंतर भाऊजी गेले. गाळा रिकामा करताना शेठनी त्यांना मिठी मारली. "साईं, ये गाला मैं किसी को नहीं दूंगा." पंधरवड्यात तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा आला. शेठला तरी मी काय म्हणणार, त्यांनाही पोट आहे. मला त्या दिवशीच्या मान्यवरांचाही राग करता येत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. पण माझ्या वडिलांना आयुष्यात कुणी स्टेजवर बोलावलं नाही. त्यांना कुणी निळं बटण दाबायला बोलावलं असतं, तर त्यांनीही नवीन टोपी घालून ते दाबलं असतं, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्या. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या सबंध सभागृहात त्या बटणाला खरं मानणारा माणूस एकच होता, आणि नेमकं त्यालाच गाव सोडावं लागलं.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. गळ्यात ओळखपत्र घालून मोठ्या काचेच्या इमारतीत जातात. परवा मी विचारलं, "तिथे काम काय असतं, भाऊजी?"

"एका मोठ्या साइटचं एक पान आहे, वहिनी. त्याचा एक कोपरा माझ्याकडे."

"आणि झालं की बटण?"

"बटण नसतं माझ्याकडे. झालं की वर कळवायचं. कुणीतरी दाबतं."

"कोण?"

"माहीत नाही. कधी बघितलं नाही. दुसऱ्या शहरात असेल बहुतेक."

मग मी त्यांना शाळेची खबर दिली. शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्यात, त्यांचं पान करायला मला बोलावलं होतं. सगळा मजकूर त्यांच्याकडून बसून लिहून घेतला आणि बटण त्यांनाच दाबायला दिलं.

"किती वेळा दाबलं?" भाऊजींनी घाईने विचारलं.

"एकदाच."

"मग?"

"मग काय, थांबलो आम्ही दोघी. त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन झाला आणि पान आलं. 'अगंबाई, आलं!' म्हणून त्यांनी टाळी वाजवली."

पलीकडे त्या शहरातल्या गाड्यांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "थांबल्या तर." एवढंच. पण फोन काही त्यांनी ठेवला नाही, आणि मीही नाही.